आजोबांची तीनशे पंधरा: ठेवायची कशी, आणि काडतुसं घरी भरता येतात का?

जुनीमिल_चाळ

मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांची .३१५ स्पोर्टिंग रायफल आहे, इशापूरची. मोहोळकडच्या शेतावर राखणीसाठी साठच्या दशकात घेतलेली. आजोबांनंतर वडिलांच्या नावावर आली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा पोलीस ठाण्यात जमा केली आणि वारस म्हणून अर्ज टाकला. भावंडांची ना-हरकत, पोलीस रिपोर्ट, मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सगळं झालं आणि गेल्या महिन्यात लायसन माझ्या नावावर होऊन रायफल घरी आली.

आजोबा ती कॅनव्हासच्या कव्हरात घालून वरनं आपली सोलापुरी चादर गुंडाळून कपाटावर ठेवायचे. वडिलांनीही तसंच ठेवलं. आता उघडून नळीच्या तोंडाशी करंगळी फिरवली तर बोटाला तांबूस भुकटी आली. पोटात कालवलं ओ अक्षरशः. लहानपणी आजोबा ओसरीवर बसून हीच नळी पुसायचे आणि मी शेजारी तेलाची बाटली धरून बसायचो.

दोन प्रश्न आहेत. एक, ही नीट कशी करायची आणि पुढं कशी ठेवायची? दुसरा, काडतुसं महाग झालीत आणि दुकानात कधी असतात कधी नसतात. बाहेरच्या देशात लोक घरी टेबलावर बसून स्वतः काडतुसं भरतात असं व्हिडिओत बघितलं. आपल्याकडं जमतं का?

कडकभाकरी

पहिला नंबर माझा. फोटो टाका की.

जुनीमिल_चाळ

फोटो नको दादा, नंबर-बिंबर दिसतो त्यात.

वकील_बार्शीकर

फोटो टाकला नाहीत ते उत्तम केलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात माणूस आत जाऊ शकतो. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बघा. शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडं जे आहे ते बाळगण्याचं लायसन, त्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, तेवढी विकत घ्यायची आणि ठेवायची. आणि कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणजे "मी फक्त सामान आणलं होतं, भरलं नव्हतं" हा बचाव चालत नाही. तेव्हा घरी भरणं हा विषय डोक्यातनं काढा.

अजून एक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाहक्कानं आलेलं धरून. आधी तीन होती. लायसनची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली.

भुईकोट

माझ्या माहितीप्रमाणं .३१५ म्हणजे थ्री नॉट थ्रीच ना? ती तर मिलिटरीची बंदूक, सामान्य माणसाला कशी काय मिळते?

हवालदार_निवृत्त

नाही साहेब, दोन्ही एका आईची लेकरं पण वेगळी. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ बोअर, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येते, साध्या लायसनवर मिळत नाही. इंग्रजाच्या राज्यातच ठरलं होतं की फौजेचं काडतूस रयतेच्या हातात नको. म्हणून बॉडी आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागनं बंद करणारा सरकता दांडा, हे थ्री नॉट थ्रीच्या ली-एनफिल्ड रायफलीचंच, पण नळी आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, दुसऱ्या काडतुसाचं. हे .३१५ चं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचं, ८ बाय ५० मॅनलिकर. तिकडं ते कधीच मागं पडलं, आपल्याकडं अजून बनतं. फौजेच्या रायफलीत मॅगझिन दहाचं, तुमच्यात पाचचं.

मी कोतमध्ये अकरा वर्षं होतो, म्हणजे शस्त्रागारात. एसएलआर, इन्सास या नंतरच्या फौजी रायफली हातावर होत्या, पण थ्री नॉट थ्रीही पुष्कळ उघडल्यात. रात्री सविस्तर लिहितो, आता नातवाला शाळेतनं आणायचंय.

ताई_अशोकचौक

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. राखणीचं शेत आता राहिलं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, रानडुक्कर ऊस खाऊन गेलं तरी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. मग घरात रायफल कशाला? लहान मुलं आहेत ना घरात? आमच्या नात्यात असंच "रिकामीच आहे" म्हणून हाताळताना छताला गोळी लागलेली मी बघितलीये. छताऐवजी कुणीही असू शकलं असतं. त्या दिवसापासून मला हा विषय निघाला की हातपाय गार पडतात.

जुनीमिल_चाळ

ताई राग कशाला, तुमचं बरोबरच आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. म्हणूनच कपाटावरनं काढून भिंतीला बोल्टनं आवळलेली लोखंडी पेटी केली. रायफलीचा बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. किल्ल्या माझ्याकडंच. ठेवायची का तर आजोबांचे हात तिच्या दस्त्यावर उमटलेत, जिथं गाल टेकायचा तिथं लाकूड गुळगुळीत झालंय. ती जमा करून टाकणं मला होणार नाही. पण ठेवायची तर नीट ठेवायची.

नान्नजवाला

ताईंना अनुमोदन आणि धागाकर्त्यालाही. आमच्याकडं माळढोक अभयारण्याच्या कडेला शेत आहे, एकेकाळी तिथं माळावर पक्षी दिसायचे, आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. शिकारीचे दिवस गेले ते बरंच झालं. निशाणा लावायचा तर रेंजवर कागदावर लावा.

हवालदार_निवृत्त

हां, आता बसलो.

रायफल म्हातारपणानं मरत नाही, मिठानं मरते. जुन्या काडतुसाच्या बुडाला दारू पेटवणारी टोपी असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी सुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीत चिकटतं आणि हवेतलं पाणी ओढतं. लोक काय करतात, घरी येऊन तेलाची चिंदी फिरवतात आणि खूष होतात. तेलात मीठ विरघळत नाही! मीठ तेलाखाली तसंच बसतं आणि पावसाळ्यात नळी आतनं खाऊन टाकतं.

मीठ जातं पाण्यानं. आम्हाला उस्तादांनी शिकवलेलं असं: बोल्ट काढायचा, नळीचं तोंड खाली, चेंबरकडनं नरसाळं लावायचं आणि उकळतं पाणी ओतायचं. कोमट नाही, उकळतं. दोन-तीन लिटर. पाणी लाकडात जाऊ द्यायचं नाही. लोखंड एवढं तापतं की हातात फडकं घेऊन धरावं लागतं, आणि तापल्यामुळं आतलं पाणी आपोआप वाळतं. मग पुलथ्रूनं, म्हणजे वजन बांधलेल्या दोरीनं, कोरड्या चिंद्या ओढायच्या, चार बाय दोन इंचाची चिंदी, कोरी बाहेर येईपर्यंत. सगळ्यात शेवटी तेलाची एक, पातळ. थबथबलेली नाही. परत फायर करायच्या आधी ते तेल पुसून नळी कोरडी करायची, हे विसरू नका.

पुलथ्रू चेंबरकडनं घालून तोंडाकडं सरळ ओढा. तिरकी ओढली की दोरी तोंडाच्या कडेला घासते आणि खाच पडते, नेम तिथं जातो.

तुमचा गंज मात्र कव्हराचा आहे. कॅनव्हास काय, चादर काय, सूत ओल धरतं. सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने कोरडी म्हणून इतकी वर्षं निभावलं. रायफल उघडी, हवा खेळेल अशी ठेवा, कव्हर फक्त प्रवासापुरतं.

शेंगाचटणी

काका, सोलापुरी चादरीवर आळ आला, आता यंत्रमागवाले मोर्चा काढतील 😄

हवालदार_निवृत्त

चादर माणसाला पांघरा की. माणूस गंजत नाही.

ओहायोकर

मूळचा सोलापूरचा, आता ओहायोत आहे. इथं माझ्याकडं खरी थ्री नॉट थ्री आहे, आणि गंमत म्हणजे तीही इशापूरची. दस्त्याच्या मानेपाशी मुकुट, जी.आर.आय., १९४२ आणि खाली मार्क तीन स्टार असं कोरलंय. हुगळीच्या काठावर बनलेली रायफल मी अमेरिकेत विकत घेतली आणि पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मी गेली नऊ वर्षं तिची काडतुसं स्वतः भरतो. इथं ते कायदेशीर आहे. वकीलसाहेबांनी सांगितलंय ते सोलापुरात पाळाच, मी फक्त काम कसं असतं ते सांगतो कारण त्यातनं रायफलही कळते.

काडतुसाचे भाग चार: पितळी केस, बुडाची टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. टोपी, दारू, गोळी एकदाच वापरायची, केस परत परत. म्हणून सगळा खेळ केसचा. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, जर्मन मॉझर रायफलीसारखा पुढं नाही. बार उडाला की बोल्ट आणि बॉडी किंचित का होईना ताणते, शिवाय फौजेच्या रायफलींचं चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं, खंदकातल्या चिखलातही काडतूस आत जावं म्हणून. त्यामुळं पितळ दर वेळी बुडाच्या जरा वर ताणलं जातं आणि तिथं आतनं पातळ होतं. एक दिवस बूड वेगळं होतं आणि बाकी नळकांडं चेंबरमध्येच अडकतं.

हे ओळखायला एक साधी तार पुरते. पेपर क्लिप सरळ करायची, टोकाला बारीक आकडा वाकवायचा, रिकाम्या केसच्या आत बुडापर्यंत सोडायची आणि भिंतीला घासत हळूहळू वर ओढायची. चांगल्या केसमध्ये तार सुळकन येते. खराब केसमध्ये बुडापासनं जरा वर टक् करून अडकते, नखानं भेग जाणवावी तशी. बाहेरनं तिथं चकचकीत रेघ दिसते. अशी केस मी पक्कडनं चेपूनच टाकतो, परत चुकून हातात यायला नको.

पूर्ण केस दर वेळी आवळून मूळ मापाला आणली तर ती चार-पाच वेळातच जाते. फक्त मान आवळली, म्हणजे गोळी धरण्यापुरती, तर तीच केस कितीतरी जास्त टिकते, पण मग ती त्याच रायफलीत वापरायची.

कडकभाकरी

भारी लिहिलंय. पण दारूच पाहिजे ना शेवटी? गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्यातली चिमूटभर भरली तर काय बिघडतं?

होममैदान

बिघडत नाही दादा, बोटं जातात. आमच्या घरात तीन पिढ्या शोभेच्या दारूचं काम आहे म्हणून हक्कानं सांगतो, असं कधी मनातही आणू नका, आणि दुसऱ्या कुणाला गमतीतही सुचवू नका. आमच्या मालातला रंगाचा, आवाजाचा मसाला वेगळाच असतो, तो कोंडला की एकदम फुटतो. रायफलीतली बिनधुराची दारू फुटत नाही, जळते, आणि किती वेगानं जळायचं ते तिच्या दाण्याच्या आकारावर ठरवलेलं असतं. आवाजाचा मसाला नळीत घालणं म्हणजे चेहऱ्यासमोर सुतळी बॉम्ब धरणं. माझ्या चुलत्यांचा अंगठा नाही, आणि ते आयुष्यभर याच कामातले.

कडकभाकरी

कान धरले ओ. खरंच माहीत नव्हतं.

ओहायोकर

होममैदान यांनी लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला.

बिनधुराच्या दारूतही एकीची जागा दुसरी घेत नाही. वजन ग्रेनमध्ये करतात, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, सात हजार ग्रेनचा एक पौंड. एवढ्या बारीक मापात चूक व्हायला फोन वाजला तरी पुरतो. माझे नियम: टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, आकडा फक्त छापील पुस्तकातला, इंटरनेटवरचा कधीच नाही, आणि सुरुवात खालच्या मापानं. भरलेल्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत बॅटरी मारून बघायचं की सगळ्यांत उंची सारखी आहे का. कुणात दोनदा पडली तर तिथंच दिसते. घरी पाहुणे असले की मी भरायला बसत नाही.

आणि एक बघण्यासारखी गोष्ट. जुन्या फौजी .३०३ मध्ये दाणेदार दारू नाही, कॉर्डाइट असायचं. एकदा खराब झालेलं जुनं काडतूस उघडलं तर आतनं चक्क शेवयांची जुडी निघाली! पिवळसर तपकिरी, लांबच लांब काड्या. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलिन. शेवया आधी केसमध्ये घालून मग मान अरुंद करायचे, म्हणून घरी ते परत भरताच येत नाही. कॉर्डाइट इतकं गरम जळायचं की आधीच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतल्या उथळ आट्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजून जायच्या, म्हणून १८९५ ला एनफिल्डच्या खोल आट्या आल्या. नावातला एनफिल्ड तोच.

भुईकोट

विषयांतर करतो, माफ करा. दमदम गोळी ती हीच ना, कोलकत्याच्या दमदमची?

हवालदार_निवृत्त

हो. दमदमच्या शस्त्रागारात .३०३ ची टोक उघडी ठेवलेली गोळी बनवली, अंगात शिरून फुलणारी. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिला बंदी आली. पुढं १९१० ची मार्क सात गोळी आली, १७४ ग्रेनची, टोकदार, तीच दोन्ही महायुद्धांत चालली.

ताई_अशोकचौक

हे वाचताना माझे पणजोबा आठवले. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते गिरणीत कामाला होते. रस्त्यावर फौज उभी. आजी सांगायची, महिनाभर पोरांना दाराबाहेर सोडलं नाही. आणि मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फाशी गेले. आपण रोज चार हुतात्मा चौकातनं जातो. तुम्ही या रायफलीचं कौतुक करता, आमच्या घरानं ती समोरच्या बाजूनं बघितलीये. हेही इथं नोंदलेलं असावं.

हवालदार_निवृत्त

ताई, नोंदलं. आणि माझ्याकडनं त्या चौघांना सॅल्यूट. हत्यार हातात घेणाऱ्यानं ही बाजू कायम डोक्यात ठेवावी, आम्ही रिक्रूटांना हेच सांगायचो. पुढं हीच रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होती, २६/११ ला सीएसटीवर आपल्या पोरांच्या हातात हीच होती.

जुनीमिल_चाळ

ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. दोघंही गप्प बसलो होतो.

मूळ विषयावर: काकांच्या सांगण्यावरनं बोल्ट काढून पुसायला घेतला तर त्यावरच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे बॉडीवरच्या नंबरशी जुळत नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी एका दुरुस्तीवाल्याकडं दिली होती, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी केस ओढून काढणारा आकडा, मोडला म्हणून. तेव्हाच बदलला गेला असणार. वडिलांना कळलंही नसेल. वडिलांच्या भोळेपणाचा फायदा घेतला याचं फार वाईट वाटलं. चालेल का असा?

हवालदार_निवृत्त

थांबा! एकही राउंड फायर करू नका.

या रायफलीत काडतूस बुडाच्या कडेवर थांबतं. बोल्टचं तोंड आणि नळी यांच्यात त्या कडेपुरतीच जागा पाहिजे, .३०३ मध्ये फौजेचं माप ०.०६४ ते ०.०७४ इंच. प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीत घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा घातला तर कदाचित बसेल, कदाचित जागा वाढेल. वाढली की ओहायोकरांनी सांगितलं तेच, केस ताणून बुडाशी तुटणार आणि गरम वायू मागं, डोळ्यांकडं. परवानाधारक गनस्मिथकडं गेज, म्हणजे ही जागा मोजायचा मापाचा तुकडा, लावून घ्या. पुढच्या नंबर चारच्या रायफलीत बोल्ट हेड, म्हणजे बोल्टची पुढची डोकी, ०, १, २, ३ अशा नंबरात मिळायची, ह्या जुन्या नमुन्यात तशी नाहीत, हातानं जुळवावं लागतं. आणि कानस घेऊन घरी बसू नका.

वकील_बार्शीकर

नेताना मूळ लायसन सोबत ठेवा, रायफल रिकामी, बोल्ट वेगळा. दुरुस्तीची पावती घ्या, पावतीवर नंबर लिहून घ्या. बोल्ट बदलला तर परवाना शाखेलाही लेखी कळवा. निवडणूक लागली की जमा करायचा आदेश येऊ शकतो, तेव्हाही पावती. कागद जपा.

शेंगाचटणी

रायफलीपेक्षा फाईल जड होणार बघा.

जुनीमिल_चाळ

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय.

पुण्याला एका जुन्या गनस्मिथकडं नेली. त्यांनी गेज लावून मला स्वतः दाखवलं, जे गेज आत ठेवल्यावर बोल्ट बंद व्हायला नको होता त्याच्यावर तो अलगद बंद झाला. माझ्या कपाळावर घाम. वडिलांनी त्यानंतर फायर केलीच नाही म्हणून निभावलं. बोल्ट हेड बदलून जुळवलं, परत गेजवर बोल्ट अर्ध्यातच अडकला. नळीत तोंडापासनं चार बोटं आत गंजाचे खड्डे आहेत, ते जाणार नाहीत म्हणाले, पण आट्या शाबूत आहेत. पावती घेतली, शाखेला पत्रही दिलं.

मग परवानगी काढून रेंजवर पाच राउंड. दुकानातले, सीलबंद. काडतुसं घरी भरायचा विचार सोडला. वर्षाला दहा-पंधरा राउंड लागणार, तेवढे महाग तर महाग. चहाच्या मोठ्या थर्मासमध्ये उकळतं पाणी नेलं होतं, तिथंच नरसाळं लावून ओतलं. पहिलं पाणी काळं करडं आलं, तिसऱ्या वेळी नितळ. पोरीनं रेंजच्या बाहेर थांबून थर्मास सांभाळला, मी तेलाची बाटली धरायचो तसा.

ओहायोकर, रिकाम्या पाचही केसमध्ये तार घालून बघितली. कुठंच अडकली नाही.

आता दस्त्याचं लाकूड कोरडं पडलंय. त्याला काय लावू? वॉर्निश नको वाटतं.

ओहायोकर

वॉर्निश मुळीच नको. जवसाचं तेल, फौजेत तेच लावायचे.

नान्नजवाला

जवसाचं घाण्याचं तेल आमच्याकडं मिळतं, पाठवतो.

हवालदार_निवृत्त

तळहातावर चार थेंब घ्या आणि हातानंच चोळा, हात गरम होईपर्यंत. रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. पहिला आठवडा रोज, मग महिन्याला एकदा. कच्चं तेल वाळायला दिवस लागतात, घाई करू नका. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो, त्यात आपला एप्रिल-मे. पाण्यात बुडवून टाका नाहीतर तारेवर एकेक सुटी वाळत घाला.

जुनीमिल_चाळ

तारेवर घालतो काका. आजोबांच्या वेळची तार अजून आहे ओसरीवर.